एव्हांगेलियनचे शेवटचे दोन एपिसोड 'पैसे संपले म्हणून' तसे? अरे कुठून आणता हे

एव्हांगेलियन म्हणजे १९९५-९६ ची जपानी अॅनिमे सिरीज, महाकाय रोबो चालवणाऱ्या मुलांची. मागच्या आठवड्यात मावसभावाचा मेसेज आला, "दादा, एव्हांगेलियनचा २४ वा झाला, आता २५-२६ स्किप करून डायरेक्ट पिक्चर बघू ना?" आणि खाली तोच फॉरवर्ड, जो गेली कित्येक वर्षं कपडे बदलून फिरतोय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: शेवटी पैसे संपले म्हणून शेवटचे दोन एपिसोड स्लाइड शो लावून उरकले, त्यात अर्थबिर्थ काही नाही. डायरेक्टर मधेच डिप्रेशनमध्ये गेला म्हणून चांगली चाललेली रोबोची सिरीज डार्क झाली. क्रॉस वगैरे सगळं बायबलचं कोडं आहे, ते सुटलं की सिरीज कळते. आणि फॅन्सनी धमक्या दिल्या म्हणून डायरेक्टरने सूड म्हणून पिक्चर काढला, तोच 'खरा' शेवट. तात्पर्य, २५-२६ सोडा.

मी हॉस्टेलला असताना हाच सल्ला एका सीनियरने दिला होता आणि मी गुमान ऐकला होता, ते दोन एपिसोड बघायला मला पुढे सहा वर्षं लागली, त्यामुळे जरा जास्तच चिडून लिहितोय हे आधीच कबूल करतो. स्पॉइलर भरपूर आहेत, २४ पर्यंत पोचला नसाल तर नंतर या.

पहिलं पैशाचं घेऊ, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

सिरीज टीव्ही टोकियोवर ४ ऑक्टोबर १९९५ ला सुरू झाली आणि २७ मार्च १९९६ ला संपली. दर बुधवारी संध्याकाळी साडेसहा, एकूण २६ भाग. ऑक्टोबर ते मार्च हा जपानी टीव्हीचा सहा महिन्यांचा हप्ता, एप्रिलपासून नवीन कार्यक्रम लागतात, म्हणजे "दोन आठवडे थांबा हो, चित्रं काढायची राहिलीत" असं म्हणायची सोयच नाही. आता हे सगळं सेलवर (चित्र रंगवायची पारदर्शक शीट) चालायचं, कॉम्प्युटरवर नाही. आधी स्टोरीबोर्ड, मग लेआउट, मग मुख्य चित्रं, ती अ‍ॅनिमेशन डायरेक्टर दुरुस्त करणार, मग मधली चित्रं, मग सेलवर उतरवून रंगवायचं, मग कॅमेऱ्याखाली एकेक फ्रेम शूट. यातलं पहिलं पाऊल उशिरा पडलं की मागची सगळी रांग अडकते आणि तिथं पैसे ओतून फार काही होत नाही. आचारी दहा आणले तरी पुरणाची डाळ शिजायला लागतो तेवढा वेळ लागतोच.

आणि वेळ कमी पडत होता हे पडद्यावर दिसतंच की. १४ व्या एपिसोडचा पहिला अर्धा भाग आठवा, नुसती मागच्या लढायांची उजळणी आहे. म्हणजे दम मधेच लागलेला होता, शेवटच्या महिन्यात अचानक कुणी तिजोरी उघडून "अरेच्चा" म्हणालं असं झालेलं नाही.

पण माझा खरा पुरावा याहून सोपा आहे. २६ व्या एपिसोडच्या सुरुवातीला काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरात मजकूर येतो, त्याचा मतलब असा की हे सगळं नोंदवायला वेळ फारच अपुरा आहे, म्हणून आता शिंजी इकारी नावाच्या एका मुलाच्या (म्हणजे हिरोच्या) मनाबद्दल बोलू. वेळ! सिरीज स्वतः तोंडाने सांगतेय की वेळ नाही, आणि आपण तीस वर्षं पैसे पैसे करतोय. ज्याने एपिसोड न बघता फॉरवर्ड लिहिला त्याला हे कळणार कसं म्हणा.

अजूनही पटत नसेल तर पुढचं बघा. १९९७ पर्यंत एव्हांगेलियन जपानमध्ये तुफान हिट झालं होतं, आता तर पैशाचा प्रश्नच नव्हता. तर १५ मार्च १९९७ ला जो पिक्चर थिएटरला लागला त्यात पहिला भाग म्हणजे टीव्ही सिरीजचं संकलन आणि दुसरा भाग म्हणजे नव्या शेवटाचा जेवढा तुकडा तयार होता तेवढाच, कारण पुढचं झालंच नव्हतं! पूर्ण शेवट, म्हणजे फॉरवर्डमधला तो पिक्चर, आला १९ जुलैला. आणि रीबिल्डचे, म्हणजे तीच गोष्ट नव्याने सांगणारे चार पिक्चर, पहिला २००७ ला, तिसरा २०१२ ला, चौथा येता येता मार्च २०२१. मधे डायरेक्टर गॉडझिलाचा पिक्चर काढून आला. (चौथ्याच्या शेवटी शेवटी कोविडनेही तारीख पुढे ढकलली, तेवढा दोष त्यांचा नाही.) हिदेआकी आन्नो आणि डेडलाइन यांचं कधीच जमलेलं नाही, खिशात पैसे असोत नसोत.

आता 'स्लाइड शो, अर्थ नाही' हे.

एक तर जपानी टीव्ही अ‍ॅनिमे मुळातच कमी चित्रांत भागवायच्या कलेवर उभं आहे. ओसामु तेझुकांनी १९६३ साली अ‍ॅस्ट्रो बॉय टीव्हीवर आणलं तेव्हापासून चित्र स्थिर ठेवा, फक्त ओठ हलवा, जुनी चित्रं परत वापरा, हे चालत आलंय. आन्नोंनी त्याचंच हत्यार केलं. २२ व्या एपिसोडमधली लिफ्ट आठवा, शिंजीसोबतच्या दोघी पायलट रेई आणि आसुका उभ्या आहेत, कुणी बोलत नाही, काहीच हलत नाही, पाऊण मिनिटाच्या वर. २४ व्यात शिंजीचा नवा मित्र कावोरु एव्हाच्या (शिंजी चालवतो त्या महाकाय रोबोच्या) मुठीत आणि मागे बीथोव्हनची नववी सिंफनी, चित्र जवळजवळ मिनिटभर जसंच्या तसं. हे बघताना कुणी म्हणतं का की पैसे संपले? तिथं सगळे श्वास रोखून बसतात, कमेंटमध्ये "पीक सिनेमा" लिहितात, आणि दोनच भाग पुढे गेलं की तीच गोष्ट 'कंजूसपणा' होते.

आणि शैली अचानक बदलली हेही खरं नाही. १६ व्या एपिसोडमध्ये शिंजी त्या सावलीसारख्या एंजेलच्या (ज्यांच्याशी एव्हा लढतात ते शत्रू) आत अडकतो तेव्हा ट्रेनचा डबा, संध्याकाळचा उजेड, समोरासमोर दोन शिंजी आणि स्वतःशीच वाद, हे २५-२६ चंच बी आहे आणि ते दहा भाग आधी पेरलेलं आहे. १४ मध्ये रेईचं स्वगत आहे, २० मध्ये शिंजी एव्हात विरघळून गेलेला आहे. वाट इकडेच येत होती, आपण फक्त रोबोच्या मारामारीकडे बघत होतो (मीसुद्धा).

आता २६ मधला तो एक सीन सांगतो ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. शिंजी कोऱ्या पांढऱ्या जागेत तरंगतोय, नुसत्या रेघांनी काढलेला. त्याला सांगतात, हे बघ, हे पूर्ण स्वातंत्र्य, इथं तुला अडवणारं काहीच नाही. आणि तो घाबरतो, कारण काहीच नाही म्हणजे काय करायचं तेही कळत नाही. मग त्याच्या पायाखाली एक आडवी रेघ ओढतात. बस. जमीन झाली. आता वर आणि खाली आलं, म्हणजे एक स्वातंत्र्य गेलं, पण आता तो उभा राहू शकतो, चालू शकतो. आता मला सांगा, हे भरपूर पैसे, भरपूर सेल, मागे डोंगर आणि ढग लावून झालं असतं का? कोरा कागद हाच तिथं मुद्दा आहे, आणि ज्यांच्याकडे चित्रं काढायला वेळ नव्हता त्यांनी चित्र नसण्यातूनच हे काढलंय. नाइलाज होता हे मी नाकारत नाहीये. नाइलाजातून काय केलं ते बघा म्हणतोय. २५ मध्ये अंधार, एक खुर्ची, एक स्पॉट आणि खुर्चीत बसून उलटतपासणी झेलणारं पात्र, हे आपल्याकडच्या प्रायोगिक नाटकाच्या प्रेक्षकाला दाखवलं तर तो बजेट विचारणार नाही, पुढची ओळ काय येते ते ऐकेल.

बरं, त्यातच मधे अख्खी शाळेतली कॉमेडी येते, आसुका शेजारची बालमैत्रीण, रेई तोंडात टोस्ट धरून पळत येते आणि धडकते. लोकांना हा विनोद वाटतो, पण तिथं शिंजीला दिसतं की माझं आयुष्य असंही असू शकलं असतं, म्हणजे 'मी हा असाच' हे कुठं कोरलेलं नाही. एवढं धडधडीत सांगूनही 'अर्थ नाही' म्हणायचं म्हणजे कमालच.

डिप्रेशनचा मुद्दा पटकन संपवतो. आन्नो बरीच वर्षं खचलेले होते हे खरं, पण त्यांनी ते लपवलेलं नाही आणि सिरीजच्या मधेही ते अचानक घडलेलं नाही. जुलै १९९५ मध्ये, म्हणजे पहिला भाग लागायच्या आधीच, त्यांनी लिहून ठेवलंय की आधीची चार वर्षं आपण काहीच करू शकलो नव्हतो. म्हणजे अंधार मधेच आला नाही, तो घेऊनच सुरुवात झाली. पहिल्याच एपिसोडमध्ये बाप तीन वर्षांनी पोराला बोलावतो आणि म्हणतो या यंत्रात बस नाहीतर चालता हो. चौथ्यात पोरगं पळून जाऊन ट्रेनमधून नुसतं फिरत राहतं. चांगली चाललेली मजेदार सिरीज कुठली रे बाबांनो? आणि दुसरं म्हणजे प्रत्येक डार्क गोष्टीला 'बनवणारा आजारी होता' हे लेबल चिकटवणं मला आवडत नाही, तेवढ्याने कथा कशी बांधली याकडे बघायचं राहूनच जातं.

बायबलचं कोडं, हा माझा आवडता. असिस्टंट डायरेक्टर काझुया त्सुरुमाकी यांनी नंतर सरळ सांगितलंय की जपानमध्ये रोबोच्या सिरीज ढिगाने होत्या, त्यात आपली वेगळी दिसावी म्हणून ख्रिश्चन चिन्हं वापरली, त्यामागे ख्रिश्चन अर्थ नाही. मुळात ज्यांना आपण 'एंजेल' म्हणतो त्यांना जपानीत 'शितो' म्हणतात, म्हणजे प्रेषित, येशूचे बारा शिष्य असतात ना तो शब्द. देवदूताला 'तेन्शी' असा वेगळा शब्द आहे. आणि नावं मात्र साकिएल, रामिएल अशी देवदूतांच्या वळणाची. म्हणजे शब्द एकीकडचा, नावं दुसरीकडची, आणि लोक वही घेऊन डीकोड करतायत.

पण "निव्वळ शो आहे, सोडून द्या" असंही मी म्हणणार नाही. मागी हे तीन सुपरकॉम्प्युटर घ्या. नावं मेल्किओर, बाल्थाझार, कास्पर, म्हणजे बाळ येशूला बघायला आलेले तीन ज्ञानी. ठीक, कळलं, पुढे काय? काहीच नाही. पण १३ व्या एपिसोडमध्ये रित्सुको ही शास्त्रज्ञ सांगते की तिच्या आईने या तिघांत स्वतःचंच मन तीन तुकडे करून घातलंय, एक शास्त्रज्ञ म्हणून, एक आई म्हणून, एक बाई म्हणून. आणि हिरोच्या एव्हात कोण आहे? त्याची आई. बायबल उघडून हाताला नावं लागतात, 'आई' हा धागा धरला की अर्धी सिरीज सुटते.

राहिला सूड. जुलैच्या पिक्चरमध्ये क्षणभर स्टुडिओला आलेली पत्रं आणि मेल चमकून जातात, त्यात धमकी आहे, कौतुक करणारीही आहेत, पण थंबनेलमध्ये धमकीच येणार. आणि कथा सुडासाठी नव्याने रचली म्हणावं तर २५ व्या भागासाठी जो मूळ आराखडा होता आणि वेळेअभावी टीव्हीवर झाला नाही, तोच पुढे पिक्चरच्या पहिल्या अर्ध्याचा पाया झाला. शिवाय टीव्हीवर शेवट अर्धवट आणि मग थिएटरमध्ये सगळं संपवणारा पिक्चर, हे आधीही झालं होतं. योशियुकी तोमिनोंची इदेऑन ही रोबो सिरीज १९८१ च्या जानेवारीत ३९ भागांवर कापली गेली आणि १९८२ ला पिक्चरमध्ये सगळी पात्रं मारून तिचा शेवट केला. आन्नो त्या सिरीजचे चाहते. त्यांना हा रस्ता फॅन्सनी शिव्या देऊन दाखवायची गरज नव्हती.

'खरा शेवट' कुठला यावर माझं मत, माझंच: दोन्ही एकच घटना आहे. पिक्चरमध्ये जग बाहेरून विरघळताना दिसतं, २५-२६ मध्ये तेच आतून. तिकडे शिंजी समुद्रकिनाऱ्यावर परत येतो, इकडे सगळे गोल उभे राहून टाळ्या वाजवतात, आणि दोन्हीकडे त्याने ठरवलेलं तेच आहे, की लोक दुखावणार हे माहीत असूनही लोकांत राहायचं. पिक्चर जास्त जबरदस्त आहे, वाद नाही. पण आधी २५-२६ बघितलेले नसतील तर त्यातला शिंजी नुसता रडका वाटतो, मला सहा वर्षं तसाच वाटला.

तर मावसभावाला लिहिलं की २४ नंतर एक दिवस जाऊ दे, मग २५-२६ सलग, मग पिक्चर, आणि पिक्चर परीक्षेच्या आदल्या रात्री अजिबात नको. नेटफ्लिक्सवर २०१९ ला आलं तेव्हा बाहेरच्या देशांसाठी शेवटचं इंग्रजी गाणं काढून पियानो टाकलाय, त्यामुळे गाणं कुठं गेलं म्हणून मला विचारू नकोस. आणि हो, २५ जड आहे, पाट्या भराभर येतात, सबटायटल एकावर एक चढतात, तिथं पॉज करत बघ.

काल रात्री रिप्लाय आला: "२५ बघताना झोप लागली दादा, २६ उद्या."

चालेल.