बचावाचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं?

टायटॅनिकचे अवशेष बघायला गेलेलं 'टायटन' हे सबमर्सिबल, म्हणजे खोल समुद्रात उतरणारं छोटं यान, जून 2023 मध्ये पाण्याच्या दाबाने चेपलं आणि आतले पाचही जण गेले. त्याबद्दलचा एक जुना मेसेज पुन्हा फिरतो आहे. मेसेज असा: पाच जणांनी माणशी दोन कोटी मोजून मरण विकत घेतलं. त्यांना शोधायला सरकारांनी शेकडो कोटी उधळले. स्फोटाचा आवाज पहिल्याच दिवशी ऐकला होता, तरी चार दिवस नाटक चाललं. 'मेलो तर तक्रार नाही' अशी सही दिली होती ना, मग बिल वारसांना पाठवा. आणि यापुढे असल्या हौशी लोकांनी बचावाचे पैसे आगाऊ भरावेत, नाहीतर त्यांना वाचवायला जाऊच नये.

घरच्या ग्रुपवर हा मेसेज टाकला आत्याने, जिचा स्वतःचा मुलगा जहाजावर नोकरीला आहे. म्हणून गप्प बसवत नाही.

आधी किरकोळ मुद्दे. 'शेकडो कोटी' कुठून आले ते मेसेज सांगत नाही. अमेरिकी तटरक्षक दलापुरता जो अंदाज तेव्हा छापून आला, तो 12 लाख डॉलरच्या आसपास होता, म्हणजे साधारण 10 कोटी रुपये. कॅनडा आणि फ्रान्सचा खर्च वेगळा. पण त्यात खलाशांचे आणि वैमानिकांचे पगार आले, ते शोध नसता तरी द्यावेच लागले असते. सहीचं म्हणाल, तर तो प्रवासी आणि कंपनी यांच्यातला करार. तटरक्षक दलाशी त्याचा संबंध नाही.

'चार दिवस नाटक' हे मात्र चीड आणणारं आहे. 18 जून 2023 ला अमेरिकी नौदलाच्या यंत्रणेने यान चेपल्यासारखा एक आवाज टिपला आणि शोधप्रमुखांना तो कळवलाही. पण पाण्याखालचा आवाज म्हणजे मृत्यूचा दाखला नव्हे. त्यानंतर कॅनडाच्या विमानाने टाकलेल्या सोनार बोयांवर (पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या तरंगत्या यंत्रांवर) ठोकल्यासारखे आवाज आले. पुढे त्यांचा टायटनशी संबंध नाही असं ठरलं, पण त्या क्षणी ते कुणाला माहीत होतं? आत 96 तासांचा ऑक्सिजन असल्याचं सांगितलं गेलं होतं. झाकण बाहेरून बोल्ट कसून बंद केलेलं, म्हणजे यान पृष्ठभागावर तरंगत असलं तरी आतल्यांना स्वतः बाहेर पडता येणार नव्हतं. अशा वेळी 'बहुतेक गेले' म्हणून विमानं परत बोलवायची?

वेळ लागला तो खोलीमुळे. टायटॅनिक सुमारे 3,800 मीटरवर आहे. तिथे दर चौरस सेंटिमीटरवर जवळपास 390 किलोचा दाब असतो. नौदलांची बचाव-पाणबुडी इतक्या खाली जात नाही. आपल्या नौदलाकडच्या दोन्हींची मर्यादा 650 मीटर आहे. शिवाय तिला चिकटायला बुडालेल्या पाणबुडीवर खास बनवलेली झडप लागते. टायटनला ती नव्हती. उरतं ते वरून केबलने चालवायचं मानवरहित यान. 'ओडिसियस' नावाचं तसं यान सगळ्या सामानासकट अमेरिकेतल्या बफेलोहून तीन सी-17 मालवाहू विमानांत भरून कॅनडातल्या सेंट जॉन्सला आणलं, 'होरायझन आर्क्टिक' जहाजावर चढवलं, पुढे समुद्रातून सुमारे 700 किलोमीटर नेलं. 22 जूनला ते तळाशी पोचलं आणि त्याच दिवशी टायटॅनिकच्या नाळेपासून सुमारे 500 मीटरवर तुकडे सापडले.

आता सगळ्यात घातक मुद्दा: बिल, किंवा आगाऊ पैसे.

समुद्रात शोधाचं क्षेत्र कसं वाढतं ते बघा. इंजिन बंद पडलेली बोट वारा आणि प्रवाहाने ताशी 2 सागरी मैल वाहते असं धरा. दिशा माहीत नाही. एका तासाने ती 2 मैल त्रिज्येच्या वर्तुळात कुठेतरी असेल, म्हणजे साडेबारा चौरस मैल. सहा तासांनी त्रिज्या 12 मैल आणि क्षेत्र साडेचारशे चौरस मैल. वेळ सहापट, पाणी छत्तीसपट. तेवढं पाणी पिंजायचं आणि त्यात ठिपक्याएवढी दिसणारी एक बोट शोधायची. मदत मागितली की बिल येतं हे एकदा ठाऊक झालं, की बोटीचा तांडेल (प्रमुख) वायरलेस हातात घेऊन आधी हिशोब करणार. 'इंजिन लागेल अजून, बघू तासभर.' तो तासभर जीव घेतो. बिल नसतानाही माणसं थांबतात. टायटनचा संपर्क सकाळी तुटला आणि तटरक्षक दलाला कळवेपर्यंत सुमारे आठ तास गेले. यान केव्हाच चेपलं होतं म्हणून त्या उशिराने जीव गेले नाहीत, एवढंच. ते तळाशी अडकून पडलं असतं तर?

म्हणून कायदा असा आहे. 1979 चा शोध-बचाव करार सांगतो की संकटातल्या माणसाला राष्ट्रीयत्व, दर्जा किंवा तो कुठल्या परिस्थितीत सापडला हे न बघता मदत करायची. अमेरिकेच्या राष्ट्रीय शोध-बचाव आराखड्यात तर स्पष्टच लिहिलंय की वाचवलेल्या माणसाकडून नंतर खर्च वसूल करायचा नाही. वसुली होते ती जाणूनबुजून खोटी हाक देणाऱ्याकडून. शिवाय लोक बचाव आणि सॅल्व्हेज यांची गल्लत करतात. जहाज किंवा माल वाचवल्याचा मोबदला मिळतो, पण 1989 च्या सॅल्व्हेज करारानुसार वाचलेल्या माणसाकडे पैसे मागता येत नाहीत. अर्जेंटिनाची 'सान हुआन' पाणबुडी बुडाल्यावर वर्षभराने एका खासगी कंपनीने शोधली, तेव्हा 75 लाख डॉलर ठरले होते. तो सांगाडा शोधण्याचा सौदा होता, बचाव नव्हे.

आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी आठवतात? 2018 मध्ये गोव्यात बांधलेल्या 'थुरिया' या बोटीतून जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत असताना डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला. ऑस्ट्रेलियाने समन्वय केला, फ्रान्सच्या 'ओसिरिस' जहाजाने त्यांना उचललं. तीही हौसच होती. तेव्हा आपल्यापैकी कुणी बिलाची भाषा केली होती?

मेसेजमध्ये नसलेला एक मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो नाइलाजाने मान्य करतो. टायटनच्या चारच दिवस आधी ग्रीसजवळ पायलोसच्या समुद्रात साडेसातशेच्या आसपास स्थलांतरितांनी भरलेली बोट बुडाली. फक्त 104 वाचले. बोट संकटात आहे हे आधी कळलं होतं. तिच्यासाठी असली धावपळ दिसली नाही. हा अन्याय आहेच. पण त्यावर उपाय म्हणजे त्या बोटीसाठीही धावणं. पैसे आगाऊ भरायची अट आली असती तर त्या साडेसातशेंना सगळ्यात आधी वगळलं असतं.

पैसे घ्यायचेच असतील तर यान चालवणाऱ्या कंपनीकडून घ्या, आणि डुबकीच्या आधी घ्या. टायटनचं मधलं नळकांडं कार्बन फायबरचं होतं, पाच इंच जाड. कुठल्याही वर्गीकरण संस्थेने, म्हणजे जहाजांची सुरक्षितता तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने, ते तपासलेलं नव्हतं. जुलै 2022 मध्ये वर येताना मोठा आवाज झाला होता, सेन्सरांवर त्याची नोंद होती, तरी पुढच्या वर्षी पुन्हा माणसं बसवली. मधला हिवाळा यान उघड्यावर पडून होतं. ऑगस्ट 2025 च्या तटरक्षक दलाच्या अहवालाने हा अपघात टाळता येण्यासारखा होता असंच म्हटलं. तेव्हा परवान्याच्या अटी अशा हव्यात: वर्गीकरण संस्थेचं प्रमाणपत्र, बचावखर्च धरून विमा, आणि त्याच खोलीवर जाणारं मानवरहित यान सोबतच्या जहाजावर तयार. टायटन उतरली त्या दिवशी तिच्या सोबतच्या 'पोलर प्रिन्स' जहाजावर तसलं एकही यान नव्हतं. म्हणूनच ते बफेलोहून आणावं लागलं.