नेसमुकची सुरी पातळच हवी

जंगलात वापरायच्या सुऱ्यांवरच्या एका लेखात ‘अस्सल नेसमुक’ म्हणून दाखवलेल्या सुरीचं पातं ५ मिलिमीटर जाड? नेसमुक म्हणजे जंगलभटकंतीवर या टोपणनावाने लिहिणारा अमेरिकेतला जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स. त्याच्या १८८४च्या पुस्तकात या सुरीचं चित्र आहे आणि बाजारातल्या जाडजूड ‘बोई’ सुऱ्या दिसायला भयंकर, कामाला कुचकामी, अशी टिंगलही तिथेच आहे. त्याला पातळ पातं हवं होतं: कातडं सोलायला, मांस कापायला, जेवायलासुद्धा. लाकडासाठी दोन्हीकडे पातं असलेली छोटी कुऱ्हाड वेगळी होती, खिशात चाकू वेगळा. आपण नुसती सुरी विकत घेतो, मग तिनेच फाटी फोडायला बघतो! मला विचाराल तर मोह त्या अख्ख्या त्रिकुटाचा आहे. साधं, गंजणारं पोलाद असलं तर उत्तमच, तेल लावत बसू.