नागपुरात राहून ब्योर्कचे फॅन कसे व्हावे

सगळ्यात आधी या आइसलँडच्या गायिकेचं नाव. कोणी 'बिजॉर्क' म्हटलं की लगेच दुरुस्त करायला धावायचं नाही, आधी डोळे मिटायचे, एक उसासा सोडायचा, मग हळूच म्हणायचं "ब्योर्क". तसं पाहिलं तर तेही बरोबर नाहीये, मधला तो स्वर आपल्या बाराखडीत बसतच नाही, पण समोरच्याला काय माहीत, धरमपेठेत आइसलँडची माणसं अशी कितीक येतात! लगेच जोडून द्यायचं की या नावाचा अर्थ बर्चचं झाड. समोरचा विचारणार, बर्च म्हणजे काय बे? त्यावर म्हणायचं, जाऊ दे. हे 'जाऊ दे' आजपासूनच घटवून ठेवा, पुढे लय कामी येते.

मग येतो प्रश्न कधीपासून ऐकता याचा. 1993 च्या 'डेब्यू' अल्बमपासून म्हणाल तर तुम्ही बालवाडीत. तिच्या त्याआधीच्या शुगरक्यूब्ज बँडपासून म्हणाल तर पास, पण काठावर. पक्का फॅन सांगतो की तिची पहिली रेकॉर्ड 1977 ची, तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आणि तिचा खरा आवाज तिथेच आहे. आता 1977 मध्ये तुम्ही नव्हतेच आणि तुमच्या बाबांच्या घरी रेडिओशिवाय काही नव्हतं, पण हिशोब कोण करतो. प्रत्यक्षात तुम्ही तिची गाणी इंजिनीअरिंगच्या होस्टेलवर कोणाच्यातरी हार्ड डिस्कमधून उचलली, फोल्डरचं नाव होतं 'इंग्लिश बाकीचे', आणि निम्म्या फायली अर्धवट कॉपी झाल्या होत्या म्हणून एक गाणं मधेच थांबतं ते तुम्ही तीन वर्षं तिचा प्रयोगच समजत होते. हे सांगायचं कारण नाही. मीही आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

आवडतं गाणं कोणतं यावर खूप घरं बुडालेली आहेत. जे सगळ्यांना माहीत आहे ते सांगायचंच नाही. ब्रिटनच्या चार्टवर तिचं सगळ्यात वर गेलेलं गाणं 1995 चं, चौथ्या नंबरपर्यंत पोचलं, आणि गंमत म्हणजे ते तिचं नव्हतंच, 1951 मध्ये बेटी हटनने गायलेल्या गाण्याची नवी आवृत्ती. आधी कुजबूज आणि मग एकदम आरडाओरडा, ब्रास बँडसकट. तुम्हाला मनापासून आवडतं ते हेच. पण ते बाथरूममध्ये, नळ पूर्ण सोडून. चारचौघात नाक मुरडायचं आणि म्हणायचं, ते तिलासुद्धा आवडत नसेल.

कपड्यांचा विषय निघणारच. 2001 च्या ऑस्करला ती हंस गळ्यात गुंडाळल्यासारखा ड्रेस घालून गेली, डिझायनर मार्यान पेयोस्की, आणि रेड कार्पेटवर अंडी पण घालून आली. लोक हसले. हा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये फेव्हरिट करून ठेवलेला पाहिजे आणि कोणी हसलं की सांगायचं, नागपूरला हे कळायला पन्नास वर्षं लागतील. माझ्या आजीला मी तो फोटो दाखवला होता, तिनं चष्मा पुसून नीट पाहिला नं विचारलं, "बडग्या आहे का हा?" मी दोन दिवस आजीशी बोललो नाही. आता पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खं महाल-इतवारी रस्त्यावर उतरते, काळी मारबत, पिवळी मारबत, दोन मजली उंचीचे पुतळे म्हणजे बडगे, त्यांच्या अंगावर ज्याचा राग आला त्याच्या नावाने टोमणे, हे गाव शंभरावर वर्षं पेहरावातून टोमणा मारून राहिलं आहे. पण तुम्ही हा विचार करायचा नाही, केला तर 'नागपूरला कळत नाही' हे वाक्य हातचं जातं, आणि ते गेलं तर तुमच्याजवळ उरते काय.

ऐकायची वेळ. 2001 चा 'व्हेस्परटाइन' हा हिवाळ्यात घरात कोंडून घेऊन ऐकायचा अल्बम, त्यात बर्फ तडकल्याचे, पत्ते पिसल्याचे असे घरातले बारके बारके आवाज घेऊन ठेका बनवला आहे. आपल्याकडे तो मे महिन्यात ऐकायचा. बाहेर पंचेचाळीस, कूलर फुल्ल, आणि तुम्ही स्पीकरवर तो लावून डोळे मिटून बसलेले. माझे बाबा दुपारच्या झोपेतून उठले, कूलरजवळ गेले, एक थाप मारली, कान लावला, दुसरी थाप मारली आणि म्हणाले, "पंप गेला वाटते, टिकटिक येऊन राहिली आतून." मी म्हटलं बाबा ते गाणं आहे. ते म्हणाले असू दे, पण पंप पाहून घे. (पंप खरंच गेला होता. दुसऱ्या दिवशी पाणीच चढलं नाही वर. पण त्याचा इथे काही संबंध नाही.)

मित्रांना ऐकवायचा असेल तर 2004 चा 'मेडुला' घ्या, कारण त्यात सांगण्यासारखं जास्त आहे. जवळजवळ सगळा अल्बम माणसांच्या तोंडून काढलेल्या आवाजांवर, ढोल पण तोंडाचा, बेस पण तोंडाचा, कॅनडाच्या थंड प्रदेशातली घशातून घुमणारा आवाज काढणारी तान्या टगाक, तोंडानं ठेका धरणारे अमेरिकेचा राझेल नं जपानचा डोकाका, आणि कॉयर. हे सगळं गाणं चालू असतानाच सांगायचं, म्हणजे गाणं ऐकू यायचा प्रश्नच नाही. माझा एक मित्र सगळं ऐकून म्हणाला, "मंग वादकांचे पैसे वाचले असतीन भाऊ." त्याला मी पुन्हा कधी काही ऐकवलं नाही. तो आता सुखी आहे असं कळते.

काका-मामा मंडळी म्हणतात, आपली गाणी सोडून हे काय लावलं. त्यांच्यासाठी एक पान राखून ठेवायचं. 'डेब्यू'मधल्या व्हायोलिनचा काही भाग तबलावाल्या तलविन सिंगने मुंबईत आपल्या सिनेमाच्या वादकांकडून वाजवून घेतला होता. हे सांगितलं की काका गप्प. फक्त एक सांभाळा, तुम्ही गेली दहा वर्षं याच काकांना सांगत आले की हिंदी सिनेमाचं संगीत म्हणजे कचरा, आणि काका जर म्हणाले की मग तेच व्हायोलिनवाले तिकडे कसे चालले तुले, तर पुन्हा ते आपलं, जाऊ दे.

बक्षिसं. ग्रॅमीची नामांकनं पंधराच्या वर, मिळालं एकही नाही. कोणी म्हणेल अरेरे. अरेरे कायचं बाप्पा, हीच तर तुमची डिग्री आहे! एक जरी ग्रॅमी मिळालं असतं तर तुम्हाला दुसरी गायिका शोधावी लागली असती, आणि या वयात कुठे शोधत फिरता. मात्र 2000 मध्ये फ्रान्सच्या कान फिल्म फेस्टिव्हलला ती बेस्ट अ‍ॅक्ट्रेस ठरली, 2004 मध्ये अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटनाला अख्ख्या जगासमोर गायली, हे असं मोठं मोठं काही निघालं की विषय बदलायचा, कारण अख्ख्या जगासमोर म्हणजे त्यात तुमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पण आले.

नवीन अल्बम आला की पहिल्यांदा आवडतच नाही. हे नॉर्मल आहे, घाबरू नका. चेहरा गंभीर ठेवा आणि म्हणा, "हळूहळू उलगडतो." 2022 च्या 'फोसोरा'त बेस क्लॅरिनेट आहेत आणि गॅबरचा ठेका आहे, गॅबर म्हणजे रॉटरडॅमकडची ती कवटीत खिळे ठोकल्यासारखी डान्सची जात. विसर्जनाच्या दिवशी गल्लीत डीजे लागला तेव्हा तक्रारीच्या अर्जावर पहिली सही तुमची होती, आणि त्याच रात्री हेडफोन लावून तुम्ही तोच धडधडाट ऐकत होते, तर फरक काय असं कोणी विचारलं तर सांगायचं की त्यात फरक आहे. काय ते मीही अजून शोधून राहिलो आहे.

आता सगळ्यात धोक्याचा अल्बम, 2011 चा 'बायोफिलिया'. हा अल्बम आणि अ‍ॅप एकदमच, प्रत्येक गाण्यासोबत हाताळायला काहीतरी, 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या 'मोमा' संग्रहालयाने आपल्या कायमच्या संग्रहात घेतलेलं हे पहिलं अ‍ॅप. तुम्ही हे सगळं पाठ केलेलं असते. मी टॅबवर ते घेऊन दोन आठवडे डोकं लावलं, नोट्स काढल्या. मग ताई माहेरी आली, भाचीनं टॅब ओढला, दहा मिनिटांत तिनं त्यातून स्वतःची काहीतरी ट्यून काढली आणि म्हणाली, "मामा, हा गेम मस्त आहे." मी म्हटलं हा गेम नाही, हे निसर्ग आणि तंत्रज्ञान यांचं... ती ऐकायला होती कुठे. नंतर वाचलं की आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकच्या शाळांमध्ये ब्योर्कने यावर पोरांचे वर्ग घेतले होते, पोरांचं वय दहा ते बारा. हे वाचून मी टॅब कपाटात ठेवला.

पण खरा घोळ त्या टेस्ला कॉइलनं केला. 'बायोफिलिया'त एका गाण्याचा बेस विजेच्या ठिणग्यांचा आहे, टेस्ला कॉइल लावून वाजवलेला. हे मी घरात मोठ्या तोऱ्यात सांगत होतो, आईला, कारण आई तरी ऐकते. बाबा पेपर वाचत होते. विजेचं नाव निघालं तसा पेपर खाली आला, कारण बाबांची उभी हयात विजेच्या कामात गेली, सबस्टेशनवर. "कुठची आहे ते?" मी म्हटलं आइसलँड. "बाप काय करते?" आता ब्योर्कबद्दल मला कोणी हा प्रश्न आजवर विचारला नव्हता, पण मी फॅन आहे, मला माहीत होतं, सांगून टाकलं. इलेक्ट्रिशियन. युनियनचे मोठे पुढारी. नाव गुडमुंडुर.

इथे चूक झाली. तुम्ही करू नका.

कारण त्या दिवसापासून बाबा तिला ऐकून राहिले. यूट्यूबवर कॉइलचा व्हिडिओ त्यांनी सात-आठदा पाहिला, गाण्याकडे लक्ष नाही, वायरिंगकडे. अल्बमांची नावं त्यांना येत नाहीत, हंसाचा ड्रेस माहीत नाही, वर्षं तर काहीच नाही. असा माणूस फॅन म्हणून चालतच नाही, तुम्हीही चालवून घेऊ नका.

परवा अंबाझरीला फिरून आल्यावर त्यांचा सगळा रिटायर्ड ग्रुप पोह्याच्या टपरीवर उभा होता, मी गाडी घेऊन न्यायला गेलो तर बाबांचं चालू होतं. "हे पहा, आपला ट्रान्सफॉर्मर कसा गुणगुणते? लाइन पन्नास सायकलची, म्हणून शंभरचा सूर, जिंदगीभर तोच एक. आपण तेच ऐकत रिटायर झालो. या पोरीनं काय केलं, कॉइल घेतली, सेकंदाला किती ठिणग्या उडवायच्या ते हातात ठेवलं. कमी उडवल्या तर खर्ज, जास्त उडवल्या तर वरचा सूर. आता बोला." पाच-सहा म्हातारे पोहे हातात धरून गप्प. एकानं विचारलं, अर्थिंग कसं केलं असीन? त्यावर दहा मिनिटं चर्चा झाली, मला एक शब्द बोलायला जागा नाही. मग कोणीतरी म्हणालं, बाई आहे कोण पण ही, नाव काय?

मी पुढे सरकलो. डोळे मिटले, उसासा पण घेतला.

"गुडमुंडभाऊची पोरगी आहे," बाबा म्हणाले, "आपल्याच लायनीतला माणूस."

आता आइसलँडमध्ये आडनाव असं नसतेच, बापाच्या नावाला 'डॉटिर' लावायचं, म्हणजे मुलगी, झालं. गुडमुंड्सडॉटिर. मी पंधरा वर्षं हे नाव घोकून घोकून बरोबर म्हणायला शिकलो आणि नागपुरात कोणासमोर म्हणायची वेळ आली नव्हती. अशा वेळी काही बोलायचं नसते. टपरीवाल्याला एक प्लेट सांगायची, तर्री जास्त टाकायला लावायची, आणि डोळ्यात पाणी आलंच तर आहेच ती तर्री.