पावण्याचं तिकीट

खिशात पाचशेची नोट, फोनमध्ये अख्खी बँक, पाकिटात चिपवालं कार्ड; आणि तरी भर बसमध्ये माझं तिकीट एका अनोळखी माणसानं काढलं. रक्कम सांगत नाही. सांगितली तर तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पैशांसाठी हा गृहस्थ एवढं उगाळत बसलाय. हो, बसलोय. मोठी रक्कम असती तर त्याला उपकार म्हणता आलं असतं, रीतसर आभार मानता आले असते. एवढ्याशा पैशांत नुसतीच शोभा होते.

कोल्हापूरला माझं अधूनमधून जाणं असतं. या वेळी विद्यापीठात जुन्या गुणपत्रिकेची नक्कल काढायची होती. स्टँडवर रिक्षावाल्यानं सांगितलेला आकडा ऐकला आणि सरळ सिटी बसमध्ये चढलो. कंडक्टरपुढे पाचशेची नोट धरली. त्यानं ती हातातही घेतली नाही. "सुट्टं," एवढंच म्हणाला. मी फोन काढला, स्कॅन केलं, पिन टाकला. स्क्रीनवर चक्र फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. पैसे गेले की नाही हे माझ्या बँकेलाच ठरवता येत नव्हतं. ती मला 'काही वेळाने पाहा' असं सुचवत होती. तोवर कंडक्टर माझ्या डोक्यावरून पुढच्यांची तिकिटं फाडत होता. एक कॉलेजची मुलगी तर त्याला पासही दाखवत नव्हती. तिनं नुसत्या भुवया उडवल्या, त्यानं मान हलवली, झाला व्यवहार. रोजच्या माणसाची भुवईसुद्धा चालते.

शेवटी पाकिटाच्या चेनच्या कप्प्यात दहाची दोन नाणी सापडली. मला वाटलं, सुटलो.

"ह्यातलं ह्ये एक चालंल," कंडक्टर म्हणाला. "दुसरं नगं."

"का?"

"पुढं खपत न्हाई ओ. मी तुमचं घेतो, पन माझ्याकडनं पब्लिक घेत न्हाई."

आणि इथे शेजारच्या सीटवरचे आण्णा या प्रकरणात शिरले. डोक्याला गांधी टोपी, अंगात बंडी, पायाशी दुधाची रिकामी किटली. तोवर ते खिडकीबाहेर बघत होते, निदान मला तसं वाटत होतं. त्यांनी ते नाणं माझ्या तळहातावरून उचललं. 'बघू' वगैरे काही नाही, उचललंच. खिडकीकडे धरलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि कडेच्या पिवळ्या गोलातल्या रेघा मोजायला सुरुवात केली.

"आठ, नऊ, धा, आकरा..."

बस खड्ड्यात आदळली. मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

"आण्णा, पंधरा हाईत त्या," मागच्या सीटवरनं एक पोरगं म्हणालं. "पंधरावालं बंद हाय. धावालं चालतंय. आन् रुपयाची खूण पायजे."

"बघा," आण्णा मला म्हणाले. "शिकल्यालं पोरगं हाय."

माझं डोकं फिरलं. मीही शिकलेलंच पोरगं आहे, गुणपत्रिकेची नक्कल आणायलाच तर चाललो होतो. म्हटलं, "अहो, रुपयाची खूणच मुळी 2010 साली ठरली. त्याआधीच्या नाण्यावर ती कुठून असणार? 2018 च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलंय, दहाच्या नाण्याचे चौदा नमुने आहेत आणि चौदाच्या चौदा चालतात."

"चौदा?" आण्णांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "एका धा रुपयाला चौदा तोंडं? आवो पावणं, रावनाला बी धाच हुती."

बस हसली. ड्रायव्हरही हसला, आरशात दिसला मला.

"14440 वर फोन लावा," मी इरेला पेटलो. "रिझर्व्ह बँकेनं याच्यासाठीच नंबर दिला होता. फुकट."

"आन् बँकंनं फोन उचलंस्तवर सायबर चौक येतोय की. कुठनं आलायसा म्हनायचं?"

"ठाण्याहून."

"तरीच."

हा 'तरीच' मला अजून बोचतो. त्यात काय काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि बसमधल्या कुणाला विचारायची गरजही पडली नाही. सगळ्यांनी आपापलं समजून घेतलं. एका बाईंनी तर हळहळून 'च्‌' केलं.

मी पाकीट पुन्हा उलटंपालटं केलं आणि वीसचं नाणं निघालं. 2020 पासून आलेलं, बारा बाजूंचं, नवंकोरं. आण्णांनी तेही घेतलं, बोट फिरवून कोपरे चाचपले. "ह्ये कुठल्या नटबोल्टाचं काढलंसा?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. 2011 च्या नाणे कायद्यानुसार रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंत चालतात आणि आठाण्याची दहा रुपयांपर्यंत, हे मला तोंडपाठ आहे. म्हणजे आठाण्याची वीस नाणी मोजून दिली, तरी कायदा माझ्या बाजूनं उभा राहील. पण कायदा त्या बसमध्ये चढला नव्हता.

मग आण्णांनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला. तंबाखूची जुनी प्लास्टिकची पिशवी निघाली. तिच्यात घडी घालून घालून काडेपेटीएवढ्या झालेल्या नोटा आणि खाली चिल्लर. "मास्तर, पावण्याचं माझ्यात धरा."

"अहो, नको नको, मी..."

"बसा ओ."

"ही पाचशेची तरी..."

"पाश्शेचा रुबाब नगं. बसा."

मी बसलो. तिकीट माझ्या हातात आलं, आणि खरा छळ तिथून पुढे सुरू झाला. पुढच्या थांब्यावर ओळखीचे कुणी चढले, त्यांना आण्णांनी सांगितलं, "ठाण्याचं पावणं. सुट्टं न्हवतं." त्याच्या पुढच्या थांब्यावर आणखी कुणी चढले. "ठाण्याचं पावणं. सुट्टं न्हवतं. तिकीट मी काडलं." राजारामपुरी येईपर्यंत त्यात रावण आला होता. चढणारा प्रत्येक जण माझ्याकडे बघून दिलासा दिल्यासारखी मान हलवायचा. कुणी म्हणालं, असूदे, होतंय. काय होतंय? माझ्याकडे पैसे होते!

गंमत बाजूला ठेवून सांगतो. एटीएममधून येतात त्या पाचशेच्या नोटा. दुकानदार सुटे देत नाही, कारण सगळे फोननं देतात म्हणून त्याच्याकडे सुटे येतच नाहीत. फोन नेमका बसमध्ये दगा देतो. कोल्हापुरात अंबाबाईला येणारा, जोतिबाला जाणारा, पन्हाळा बघायला निघालेला बाहेरचा माणूस थोडाथोडका आहे का? त्यातला जो तो पाचशेची नोट घेऊनच उतरतो. आणि प्रत्येक शहराचं बसचं वेगळं अ‍ॅप. एका फेरीसाठी त्याला माझं नाव, जन्मतारीख, ओटीपी हवा, वर फोनबुक बघायची परवानगी. 2019 च्या मार्चमध्ये देशभर चालणाऱ्या एका कार्डाचा गाजावाजा झाला होता, नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड. मी ते हौसेनं घेतलं. पुण्यात मेट्रोच्या फाटकाला टेकवलं की फाटक उघडतं, छाती फुगते. तेच कार्ड मी त्या दिवशी शेवटचा उपाय म्हणून कंडक्टरला दाखवलं होतं. त्यानं दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि अगदी आपुलकीनं विचारलं, "ही सवलत कशाची? अपंगाची का?"

रोज जाणाऱ्याला पास आहे, कधीच न जाणाऱ्याला गाडी आहे. अधूनमधून येणाऱ्याचा विचार करायला कुणालाच वेळ नाही. त्याची सोय आण्णांवर सोपवलेली आहे.

सायबर चौक जवळ आला तेव्हा मी शेवटचा प्रयत्न केला. "आण्णा, तुमचा नंबर द्या, पाठवून देतो." त्यांनी किटली उचलली. "तुमच्या फोनमधनं? मघाशी बगितलं की." आणि उतरले. उतरताना खालून खिडकीवर थाप मारून मोठ्यानं म्हणाले, "परत आलासा तर सुट्टं घेऊन या!"

विद्यापीठातल्या कामाचं काय झालं ते विचारू नका. संध्याकाळी मंगळवार पेठेत मावशीकडे हे सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती माझी बाजू घेईल. ती म्हणाली, "आणि तू त्यांना साधा चहासुद्धा पाजला नाहीस?" मावसभावाला तर एवढंच जाणून घ्यायचं होतं, की रावणाचं नक्की कुठल्या थांब्याला म्हणाले.

रात्री जेवताना फोन वाजला. बँकेचा निरोप होता: व्यवहार यशस्वी. म्हणजे सकाळी मी तिकिटाचे पैसे भरले होते. आण्णांनीही भरले होते. एका सीटचे दोनदा पैसे मोजून, वर सगळ्या बसची कीव झेलून मी विद्यापीठाला गेलो होतो. तक्रार करायला बँकेचं अ‍ॅप उघडलं. 'यशस्वी व्यवहाराबद्दल तक्रार' असा पर्यायच त्यात नव्हता.

"म्हणजे त्या बिचाऱ्यांचे पैसे फुकट गेले," मावशी म्हणाली. "किटली होती ना हातात? सकाळी गंगावेशीत जा. तिथं म्हशी आणून समोर दूध काढून देतात, असतील तिथंच कुठंतरी. पैसे देऊन ये त्यांचे."

मी पाकीट काढून दहाची ती दोन नाणी बाजूला ठेवली.

"ती नको नेऊस," मावशी म्हणाली. "ती कोण घेतंय?"