इलेक्ट्रॉनला तुमच्या मनातलं कळत नाही

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर मला चौघांकडून आला. चौथा मामींकडून आला तेव्हा उत्तर लिहायला बसलो, कारण मामींची सध्या केमो चालू आहे. मजकूर थोडक्यात असा:

"क्वांटम विज्ञानाने सिद्ध केलंय की आपण पाहतो म्हणून वास्तव घडतं. कणाकडे पाहिलं की तो वागणं बदलतो. २०२२चं नोबेल याच शोधाला मिळालं. आइनस्टाइन म्हणाला होता, सगळं ऊर्जा आहे, हव्या त्या वास्तवाच्या फ्रिक्वेन्सीशी जुळवून घ्या, ते मिळेलच. आजार म्हणजे चुकीची कंपनं. विचार बदला, शरीर बदलेल."

यातला प्रयोग खरा आहे, नोबेलही खरं आहे. त्यांतून काढलेला अर्थ खोटा आहे, म्हणून एकेक वाक्य घेतो.

"कणाकडे पाहिलं की तो वागणं बदलतो."

सगळा घोळ या वाक्यात आहे, त्यामुळे इथे जरा थांबू. इलेक्ट्रॉन एकेक करून दोन बारीक फटींकडे सोडायचे. पलीकडच्या पडद्यावर प्रत्येकाचा एक ठिपका उमटतो. आधी ठिपके कसेही विखुरलेले वाटतात, पण हजारो साठले की पट्टे दिसू लागतात: दाट, विरळ, पुन्हा दाट. १९८९मध्ये जपानमध्ये अकिरा तोनोमुरा यांच्या गटाने फटींऐवजी विद्युतभारित बारीक तार वापरली आणि ठिपक्यांतून पट्टे घडताना चित्रित केले. ते चित्रण मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता, आजही येतो. आता प्रत्येक इलेक्ट्रॉन कुठल्या वाटेने गेला हे टिपण्याची सोय केली, तर पट्टे नाहीसे होतात. इथवर मजकूर बरोबर आहे.

पण "टिपणं" म्हणजे कुणीतरी टक लावून बसणं नव्हे. इलेक्ट्रॉनची वाट कळायची तर त्याने वाटेत कशावर तरी खूण सोडायला हवी. प्रकाशावर, एखाद्या अणूवर, उपकरणावर. नुकत्याच सारवलेल्या अंगणातून मांजर गेलं की पावलं उमटतात. ती कुणी पाहिली का, हा प्रश्न नंतरचा. भौतिकीत "निरीक्षण" हा शब्द त्या पावलांसाठी आहे. मराठीत त्याचा अर्थ डोळ्यांनी पाहणं असाच होतो, आणि तिथूनच गैरसमज आत शिरतो.

याचा पुरावा आहे. व्हिएन्नामध्ये १९९९ साली साठ कार्बन अणूंच्या, फुटबॉलसारख्या रेणूंचेही असे पट्टे मिळाले. पुढे २००४मध्ये तिथल्याच गटाने सत्तर अणूंचे रेणू घेतले आणि वाटेवर लेझरने तापवले. तापलेला रेणू स्वतःच प्रकाश फेकतो आणि त्या प्रकाशात तो कुठे होता याची खूण राहते. तापमान वाढवत नेलं तसतसे पट्टे पुसट होत गेले आणि शेवटी मावळले. तो प्रकाश कुणी गोळा केला नव्हता, कुणी पाहिलाही नव्हता. खूण सुटली, एवढंच पुरलं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. युजीन विग्नर या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाने १९६१मध्ये खरोखरच मांडलं होतं की मापन पूर्ण व्हायला जाणीव लागत असावी. पुढे त्याने स्वतःच हे मत सोडलं. मापन म्हणजे नेमकं काय घडतं, यावर भौतिकशास्त्रज्ञ आजही वाद घालतात. पण विग्नरचं जुनं मत मान्य केलं तरी मजकुराचा दावा उभा राहत नाही. कुठला निकाल किती शक्यतेने येईल हे मॅक्स बॉर्नच्या १९२६च्या नियमाने ठरतं, आणि त्या नियमात इच्छेला जागाच नाही.

"२०२२चं नोबेल."

ते अलँ अस्पे, जॉन क्लाउझर आणि अँटॉन झाइलिंगर यांना मिळालं. एकत्र जन्मलेल्या दोन फोटॉनांना, म्हणजे प्रकाशाच्या कणांना, दूर नेऊन मोजलं, तर त्यांचे निकाल विलक्षण प्रमाणात जुळतात. दोघं आधीच ठरवून निघाले असतील आणि इकडच्या मापनाचा परिणाम तिकडे प्रकाशापेक्षा वेगाने पोचत नसेल, तर जुळण्याला एक मर्यादा पडते. ती जॉन बेल यांनी १९६४मध्ये काढली आणि प्रयोगांत ती ओलांडली गेली. हे खरंच हादरवणारं आहे. पण दोन्ही टोकांना बसलेल्यांना आपापल्या हातात निकालांची फक्त एक यादी मिळते, कुठलाही क्रम नसलेली. जुळणी कळायला दोन्ही याद्या शेजारी ठेवाव्या लागतात, म्हणजे फोन करावाच लागतो. या वाटेने निरोप जात नाही, मग मनातली इच्छा कुठून जाणार?

"आइनस्टाइन म्हणाला होता."

ते वाक्य त्याचं नाही, त्याच्या लेखनात सापडत नाही. उलट आपण पाहतो तेव्हाच चंद्र असतो यावर तुझा खरंच विश्वास आहे का, असं त्याने अब्राहम पाइस या सहकाऱ्याला फिरायला जाताना विचारलं होतं. नेमक्या त्याच माणसाच्या तोंडी हे घालावं, याचा मला राग येतो.

"आजार म्हणजे चुकीची कंपनं."

हे वाक्य सगळ्यांत घातक आहे. साठ-सत्तर अणूंचा रेणू निर्वात नळीत जपून न्यावा लागतो, तेव्हा कुठे पट्टे टिकतात. शरीरात तर ३७ अंशांवर असंख्य रेणू अखंड एकमेकांवर आदळत असतात, म्हणजे अंगणभर पावलंच पावलं. गाठ कमी झाली नाही तर मामी स्वतःच्या विचारांना दोष देतील, याची मला भीती वाटते. मामी, तुम्ही जप करता, त्याने मन शांत होतं, तो चालू ठेवा. गाठ तुमच्या कुठल्याही विचारामुळे झालेली नाही.

आणि फ्रिक्वेन्सी जुळवण्याचं म्हणाल, तर ती खरोखर जुळवतात. परवा तुमचा एमआरआय झाला ना? दीड टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) चुंबकात शरीरातल्या हायड्रोजनची केंद्रकं सेकंदाला सुमारे ६.४ कोटी फेऱ्यांच्या लयीत डोलतात. यंत्र नेमक्या त्याच लयीच्या रेडिओलहरी सोडतं, केंद्रकं त्यांना उत्तर देतात आणि त्यातून चित्र उमटतं. तुम्ही आत घाबरला होतात, डोळे मिटून रामरक्षा म्हणत होतात. चित्र तरीही स्वच्छ आलं. बाहेरच्या मुलाने तुम्हाला एवढंच सांगितलं होतं, की हलू नका.