सरदार व्हा, गाडी मागू नका

गेल्या शनिवारी, हक्काच्या सुट्टीत, ऑफिसनं आम्हाला चार तास बसवून ठेवलं. विषय : युरोपातल्या मध्ययुगीन सरदारांकडून निष्ठा आणि स्त्रीदाक्षिण्य कसं शिकावं. स्लाइडवर चकचकीत चिलखत. चहा दुसऱ्याच तासाला संपला. त्या सरदारांच्या कथा मी वाचल्यात, त्यामुळे उरलेलं ज्ञान तुम्हाला फुकट देते.

निष्ठा सरदार लॅन्सेलॉटकडूनच शिका. आर्थर राजाच्या पदरी राहायचं आणि राणीही त्याचीच धरायची.

मूल्यमापनाचे धडेही त्याच्याकडेच. बाराव्या शतकात फ्रेंच कवी क्रेतिएँ द त्रुआनं लिहिलेल्या कथेत लॅन्सेलॉट पळवून नेलेल्या राणीच्या शोधात निघतो. घोडा मरतो. पुढे जायचं तर गुन्हेगारांची धिंड काढायच्या गाडीत बसायला हवं. तो दोन पावलं थबकतो आणि बसतो. मग तलवारीच्या पात्याच्या पुलावरून रक्तबंबाळ होत राणीपर्यंत पोचतो, तर ती तोंड फिरवते. का? दोन पावलं थबकला म्हणून! मार्च महिन्याची आठवण झाली ना?

रजा संपल्याचं विसरलात तर आर्थरच्याच सरदार आयव्हेनसारखे कपडे फाडून रानात पळा.

वरिष्ठ 'जास्त बोलू नका' म्हणाले की सरदार पर्सिव्हलसारखं अजिबात बोलू नका. समोर राजा पंगू होऊन पडलेला असला, भाल्यातून रक्त ठिबकत असलं, तरी. एका प्रश्नानं तो बरा झाला असता म्हणे. असो.

आता स्त्रीदाक्षिण्य. त्या गाडीच्याच कथेत रिवाज सांगितलाय : मुलगी एकटी भेटली तर तिला हात लावायचा नाही, सरदाराची अब्रू जाते. पण सोबत दुसरा सरदार असेल आणि त्याला लढून हरवलंत, तर तिचं वाटेल ते करा, कुणी नावं ठेवणार नाही. तिला कुणी विचारलं? पंधराव्या शतकातल्या इंग्रज लेखक मॅलरीच्या ग्रंथात आर्थरचा सरदार गावेन शरण आलेल्याला मारायला जातो, बाई मध्ये पडते आणि मुंडकं तिचं उडतं. त्यानंतर राजा आर्थर सरदारांना शपथ घालतो की बायकांना मदत करू, त्यांच्यावर जबरदस्ती करणार नाही. ही शपथ दरवर्षी घ्यावी लागे. दरवर्षी! आणि जबरदस्तीचं ते वाक्य फक्त हस्तलिखितात आहे. 1485च्या छापील प्रतीत ते नाहीच. गळलेलं वाक्य कुणाच्या सोयीचं असतं, हे मला स्लाइडवरून कुणी शिकवायची गरज नाही.

शेवटी आमच्यातल्या एकीनं विचारलं, "रात्री साडेनऊला सुटल्यावर घरी जायला गाडी का मिळत नाही?" पाहुणे वक्ते हसले. म्हणाले, "पुरुषांनी दार उघडून धरायला शिकलं पाहिजे." आणि आमचे साहेब टाळ्या वाजवत होते.

अहो, लाज वाटू द्या. दार आम्हाला उघडता येतं. चिलखतवाल्याला दिलेल्या पैशांत महिनाभर गाडी लागली असती. ती लावा. धिंडीची असली तरी चालेल, आम्ही दोन पावलंही थबकणार नाही.