लातूरच्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार. माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की कॉलेजातल्या सत्यनारायणावर मी तोंडसुख घेतो आणि मिलिंद महाविद्यालयाचं मात्र कौतुक करतो. ते नाव तर बौद्ध ग्रंथातलं. मग एकाचा धर्म चालतो नि दुसऱ्याचा खुपतो, हे कसं?

'धर्म गेटबाहेर ठेवा' हे माझं वाक्य उथळ होतं, मागे घेतो. महानुभाव, नामदेव, जनाबाई, एकनाथ बाहेर काढले तर एम.ए. मराठीला शिकवायचं काय?

पण मिलिंदचं वेगळं आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1950 साली औरंगाबादेत कॉलेज काढलं, पुढे त्याला हे नाव मिळालं, परिसर झाला नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा. नागसेन भिक्खूशी वाद घालायला निघाला, तर नागसेनानं आधी अट घातली : पंडितासारखा बोलणार असशील तर बोलू, राजासारखा नाही. पंडित चूक दाखवली तरी रागवत नाही. राजा न पटणाऱ्याला शिक्षा देतो.

आमच्या कॉलेजात सत्यनारायण राजासारखा आला होता. फॉर्म कागदी होते तेव्हाची गोष्ट. परीक्षा फॉर्मचा शेवटचा दिवस, फीची खिडकी बंद, क्लार्क पूजेला. बुरख्यातली एक मुलगी चलन धरून तासभर उभी. शिपाई म्हणाला, "प्रसाद घ्या, मग बघू." तिनं शिऱ्याचा कागद घेतला. खाईना, टाकीना. तूप चलनावर उतरलं. मी चार पावलांवर होतो, प्रसादाच्या रांगेत. वर्गणीत माझेही शंभर होते. (हे मागच्या लेखात लिहायचं टाळलं होतं.)

राज्यघटनेचं कलम 28 सांगतं, की सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही संमतीशिवाय उपासनेत बसवता येत नाही. तिला तर कुणी विचारलंही नव्हतं.

आणि 'पूर्वी असले वाद नव्हते' म्हणता, ते काही खरं नाही. 1938 मध्ये निजामाच्या राज्यात, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत मुलांनी प्रार्थनेत वंदे मातरम् म्हटलं म्हणून त्यांना काढून टाकलं होतं. त्यातल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठानं घेतलं. तिथेही राजाच ठरवत होता, कुणी काय म्हणायचं ते.

शेवटी विचारलंत, माझ्या घरी सत्यनारायण होतो का. होतो, दर श्रावणात. पोथी मीच वाचतो. त्या दिवशी खिडकीपाशी कुणी चलन घेऊन उभं नसतं.